ब्लॉटवरचा ठिपका आणि छातीतली घरघर

ॲस्परजिलस फ्युमिगॅटस नावाची बुरशी शोधायला लांब कुठं जावं लागत नाही. उकिरडा, पावसात भिजलेली कडब्याची गंजी, कंपोस्टचा खड्डा, जिथं पालापाचोळा कुजून आतून गरम होतो तिथं ती असतेच. तिचे बीजाणू दोन-तीन मायक्रॉनचे. इतके बारीक की नाकाघशात न अडकता थेट फुप्फुसात खोलवर पोचतात. तुम्ही-आम्ही रोज असे शेकडो बीजाणू आत ओढतो आणि पत्ताही लागत नाही. पण दम्याच्या काही रुग्णांमध्ये ते श्वासनलिकेतल्या चिकट कफात रुजतात, आणि मग शरीर त्यांच्यावर असं काही तुटून पडतं की बुरशीपेक्षा त्या प्रतिकारानंच जास्त नुकसान होतं. या आजाराचं पूर्ण नाव ॲलर्जिक ब्रॉन्कोपल्मोनरी ॲस्परजिलोसिस. ओपीडीत आणि लॅबमध्ये सगळे एबीपीए म्हणतात. हिन्सन, मून आणि प्लमर या तिघांनी १९५२ साली इंग्लंडमध्ये तो पहिल्यांदा नोंदवला.

माझ्या पीएचडीचा प्रश्न विचारायला अगदी सोपा होता: या बुरशीतलं नेमकं कोणतं प्रोटीन ही भानगड सुरू करतं? बुरशीचा पूर्ण जीनोम २००५ साली प्रसिद्ध झाला. आठ गुणसूत्रं, दहा हजारांच्या आसपास जनुकं. ॲलर्जन म्हणजे ॲलर्जी घडवणारं प्रोटीन; त्यांच्या जागतिक यादीत मात्र तिची वीसहून थोडी जास्तच प्रोटीनं नोंदलेली आहेत, ॲस्प एफ १, ॲस्प एफ २ अशा क्रमांकांनी. लॅबमध्ये नवीन असताना मी ती यादी घोकून पाठ केली होती. माझ्या मार्गदर्शक मॅडमनी शांतपणे ऐकून घेतली आणि म्हणाल्या, "झाली ना पाठ? आता विसर. त्या यादीत शिरायला एका प्रोटीनला काय काय सिद्ध करावं लागतं, ते करून बघ." पुढची सगळी वर्षं त्या एका वाक्यात गेली.

सुरुवात बुरशीपासून होत नाही, माणसांपासून होते. पोलिसांच्या ओळख परेडीला जसा साक्षीदार लागतो, तसं आम्हाला रुग्णाचं सीरम, म्हणजे रक्त गोठल्यावर वेगळा होणारा पिवळसर द्रव, लागतं. बुरशीची शेकडो प्रोटीनं समोर मांडायची आणि रुग्णाच्या रक्तातली आयजीई प्रतिपिंडं, म्हणजे ॲलर्जीत वाढणारी प्रतिपिंडं, त्यातल्या कुणाला जाऊन चिकटतात ते बघायचं. प्रोटीनं उतरवलेल्या कागदाला ब्लॉट म्हणतात, आणि आयजीई चिकटलं तिथं त्यावर ठिपका उमटतो. नीती समितीची परवानगी, संमतीपत्र मराठीत, मग छातीच्या ओपीडीबाहेरच्या बाकावर बसून रुग्णांना समजावणं. तिथं भेटलेल्या बहुतेकांची कहाणी एकसारखी होती. वर्षानुवर्षांचा दमा, एक्स-रेवर डाग, डाग म्हणजे टीबी असं धरून सहा-सहा महिन्यांची औषधं, आणि औषधं संपल्यावर पुन्हा तोच दम. आपल्या देशात एबीपीएची गाठ टीबीशी पडते ती अशी. एक शेतकरी काका होते. त्यांनी खिशातून कागदाची पुडी काढून मला दाखवली. खोकल्यातून पडलेल्या तपकिरी, चिवट, फांद्या फुटलेल्या गुठळ्या, बोटाच्या पेराएवढ्या. श्वासनलिकेचा आतला आकार जसाच्या तसा. "ताई, टीबीच्या डॉक्टरांना पण दाखवलं होतं. ते म्हणाले, फेकून द्या." मी पुस्तकात ज्याचं वर्णन वाचलं होतं ते माझ्या हातात होतं. मग काकांनी विचारलं, रक्तात बुरशी दिसणार का? म्हटलं, बुरशी नाही दिसत काका, तिच्याविरुद्ध तुमच्या शरीरानं काय तयार केलंय ते दिसतं. त्यांनी बाही वर केली.

खरी दमछाक कंट्रोल, म्हणजे तुलनेसाठीची माणसं, गोळा करताना झाली. निरोगी माणसं मिळतात, लॅबमधलीच पोरं हात पुढं करतात. बुरशीची ॲलर्जी नसलेले दम्याचे रुग्णही मिळतात. पण आणखी एक गट हवा होता: ज्यांचं एकूण आयजीई भरपूर वाढलंय, पण बुरशीमुळे नाही. पोटात जंत झाले तरी आयजीई चांगलंच चढतं, आणि आपल्याकडे जंतांना तोटा नाही. हा गट नसेल तर रुग्णाच्या सीरमनं दिलेला ठिपका खरंच बुरशीची ओळख आहे, की निव्वळ आयजीईचा सुकाळ आहे म्हणून जिथं तिथं चिकटलंय, हे कळायला मार्ग नाही. परदेशातल्या कित्येक जुन्या पेपरांमध्ये हा गट नसतो. तिथं त्याची गरज भासली नसेल. इथं तो नसता, तर माझे निम्मे ठिपके मला खोटेच म्हणावे लागले असते.

आयजीईचा हिशोब एकदा कागदावर मांडला की सगळी चिकाटी कशासाठी ते समजतं. आयजीईचं एक युनिट म्हणजे २.४ नॅनोग्रॅम. एबीपीएच्या निदानासाठी तेव्हा मिलिलिटरला १००० युनिट हा एकूण आयजीईचा निकष धरायचे, २०२४ च्या सुधारित निकषांत तो ५०० वर आला. तर १००० युनिट म्हणजे मिलिलिटरमागे जेमतेम अडीच मायक्रोग्रॅम. त्याच सीरममध्ये आयजीजी नावाचं नेहमीचं प्रतिपिंड असतं दहा मिलिग्रॅमच्या आसपास, म्हणजे चार हजार पट. आणि एबीपीएच्या रुग्णाच्या आयजीजीलाही बुरशी चांगलीच ओळखीची असते. दोघं एकाच प्रोटीनवर झडप घालायला निघाले तर जागा कोण अडवणार हे उघड आहे. ब्लॉट कोरा येतो आणि वाटतं रुग्णाला ॲलर्जीच नाही. म्हणून आधी सीरम प्रोटीन-जीच्या मण्यांवरून फिरवायचं, आयजीजी तिथं अडकवून टाकायचं आणि खाली उतरलेलं सीरम वापरायचं. मणी महाग, सीरम मोजकं. ज्याच्याकडून चमचाभर रक्त घेतलंय त्याला परत परत बोलवत बसणं बरं दिसत नाही, त्यामुळे मायक्रोलिटरचाही जमाखर्च वहीत लिहून ठेवायचे.

आता बुरशी. आगारच्या तिरक्या नळीवर ती आधी पांढरी येते, मग दोन-तीन दिवसांत निळसर-हिरवी धूळ धरते. ती धूळ म्हणजेच बीजाणू. साधं पाणी ओतलं तर थेंब वरच्या वर घरंगळतो, कारण बीजाणूंवर रॉडलेट नावाचा पाणी झटकणारा थर असतो. पाण्यात ट्वीन नावाचं साबणासारखं द्रव्य घालावं लागतं, तेव्हा कुठं ते सुटतात. हे सगळं सेफ्टी कॅबिनेटच्या आत. मला स्वतःला पावसाळ्यात शिंकांचा त्रास होतो, त्यामुळे सहकाऱ्यांनी "तुझंच सीरम घे ना" म्हणून यथेच्छ छळलं. घेतलं होतं. काही निघालं नाही.

बीजाणू कृत्रिम माध्यमात सोडून फ्लास्क न हलवता ३७ अंशांवर ठेवायचे. वर जाड, सुरकुतलेली साय धरते, खालचं पाणी पिवळं-तपकिरी होत जातं. आपल्याकडे या कामात तीन आठवड्यांचं कल्चर वापरायची पद्धत रूढ आहे. तीन आठवडेच का? पहिल्या काही दिवसांत पाण्यात असतात ती बुरशीनं मुद्दाम बाहेर सोडलेली प्रोटीनं. कल्चर म्हातारं झालं की पेशी फुटायला लागतात आणि आतली प्रोटीनंही पाण्यात येतात. ॲलर्जीची अर्धी मंडळी या दुसऱ्या गटातली आहेत. म्हणजे फ्लास्क कधी उघडायचा ठरवलं की उत्तराचा मोठा भाग तिथंच ठरतो. बाजारात मिळणाऱ्या बुरशीच्या अर्कांमध्ये एका खेपेचा दुसरीशी मेळ नसतो, त्याचं मूळ इथंच आहे. त्वचेवरच्या चाचणीत एका बाटलीनं गांध उठते आणि दुसरीनं उठत नाही, तेव्हा रुग्ण बिचारा स्वतःलाच दोष देतो.

गाळून, चार अंशांवर डायलिसिस करून, गोठवून सुकवल्यावर हातात येते ती फिकट तपकिरी पावडर. तिच्यात प्रोटीनइतकीच साखरेच्या साखळ्यांची आणि रंगद्रव्यांची भरती. तशीच जेलवर चढवली तर ठिपक्यांऐवजी आडवे फराटे मिळतात. एकदा टीसीए नावाच्या आम्लानं आणि ॲसिटोननं प्रोटीनं खाली बसवून धुऊन घेतली की मग काम सुरू होतं.

टू-डी जेलची कल्पना १९७५ ची, ओफॅरेलची, आणि अजून तिच्याइतकं डोळ्यांना समजणारं दुसरं काही मला भेटलेलं नाही. पहिल्या दिशेला प्रोटीनं त्यांच्या विद्युतभारानुसार पट्टीवर आपापल्या पीएचपाशी जाऊन थांबतात. मग ती पट्टी उभ्या जेलच्या डोक्यावर आडवी ठेवायची आणि आकारानुसार खाली पळवायची. वरून खाली मोठी ते लहान, डावीकडून उजवीकडे आम्लधर्मी ते अल्कधर्मी. एकाच वेळी दोन जेल. एक कोमासीच्या निळ्या रंगात रंगवायचं, त्यात सगळी प्रोटीनं दिसतात. दुसऱ्यावरची प्रोटीनं नायट्रोसेल्युलोजच्या कागदावर उतरवायची आणि त्या कागदाला सीरम पाजायचं. पुण्याचा पावसाळा आणि रात्रभराचा आयसोइलेक्ट्रिक रन यांचं वैर जुनं आहे. व्होल्टेज वर चढत असताना दिवे गेले की सकाळी पट्टीवर पसरट ढग मिळतात. शेवटी आम्ही जूनमध्ये जेलचं वेळापत्रकच हलवून सीरमची आणि एलायझाची (प्रतिपिंडं मोजायच्या चाचणीची) कामं पुढं घेतली.

सीरम रात्रभर, सकाळी धुणं, मग मानवी आयजीईला पकडणारी दुय्यम प्रतिपिंडं, पुन्हा धुणं, आणि डार्करूम. हल्ली कॅमेऱ्याची यंत्रं आली आहेत, पण आमच्याकडे तेव्हा फिल्मच होती. लाल दिव्यात कागदावर चमकणारं द्रावण ओतायचं, फिल्म दाबून ठेवायची, मनात आकडे मोजायचे आणि डेव्हलपरच्या ट्रेमध्ये सोडायची. आधी काही नसतं. मग कोपऱ्यात एक राखाडी डाग उमटतो, मग दुसरा. जंतवाल्या गटाच्या सीरमवर फिल्म स्वच्छ आणि त्याच अर्कावर त्या शेतकरी काकांच्या सीरमला नक्षत्रासारखे ठिपके, हे शेजारी शेजारी धरून पाहिलं तेव्हा मी डार्करूमचं दार आतून लावलेलंच राहू दिलं आणि थोडा वेळ तिथंच उभी राहिले. दार उघडलं की कुणीतरी विचारणार, "काय, आलं का?" आणि मग ते सगळ्यांचं होणार.

ठिपका दिसला म्हणजे नाव कळलं असं नाही. फिल्म निळ्या जेलवर ठेवून ठिपक्यावर ठिपका जुळवायचा, आणि जेलचा तेवढाच तुकडा, मोहरीएवढा, कापून घ्यायचा. ट्रिप्सिननं त्याचे तुकडे पाडायचे आणि ते मास स्पेक्ट्रोमेट्रीला पाठवायचे. तुकड्यांची वजनं मिळाली की ती जीनोमवरून काढलेल्या यादीशी ताडून पाहतात. इथं सगळ्यांची फजिती करणारं एक प्रोटीन आहे, केराटिन. तुमच्या त्वचेतलं, केसांतलं, स्वेटरमधलं. कापताना जरा वाकलात तरी बुरशीच्या ॲलर्जनऐवजी तुमचंच नाव अहवालात येतं. म्हणून टोपी, दुहेरी हातमोजे, आणि नमुना कापताना कुणाशी बोलायचं नाही. ही शेवटची अट आमच्या लॅबमध्ये पाळली जाणं अवघड होतं.

अहवाल आले. त्यात बरीचशी ओळखीची मंडळी होती आणि त्याचा मला आनंदच झाला, कारण पद्धत रुळावर आहे याचा तोच पुरावा. अठरा किलोडाल्टन वजनापाशी ॲस्प एफ १: हे रायबोसोमच कापून निकामी करणारं विष आहे. पेरॉक्सिसोमशी संबंधित ॲस्प एफ ३. मँगनीज सुपरऑक्साइड डिसम्युटेज, म्हणजे ॲस्प एफ ६. दिल्ली, पुणे आणि हैदराबाद इथल्या संशोधकांनी २००७ साली याच मार्गानं, तीन आठवड्यांच्या कल्चरवर आणि भारतीय रुग्णांच्या सीरमवर काम करून, तोवर कुणी न नोंदवलेली ॲलर्जनही दाखवली होती. त्यांचा पेपर माझ्या टेबलावर कायम उघडा असायचा, बफरचे डाग पडून पडून त्याची काही पानं वाचता येईनाशी झाली होती.

ॲस्प एफ ६ ची गोष्ट मला सगळ्यात जास्त अस्वस्थ करते. हे प्रोटीन पेशीच्या रोजच्या कारभारातलं, त्यामुळे माणसातही त्याचा भाऊबंद आहे, आणि दोघांची घडण पुष्कळ मिळतीजुळती. दावोसच्या रेटो क्रामेरी यांच्या गटानं १९९० च्या दशकात दाखवून दिलं की, बुरशीच्या डिसम्युटेजवर चिडलेलं आयजीई माणसाच्या स्वतःच्या डिसम्युटेजलाही धरतं. म्हणजे सुरुवात बुरशीनं केली, पण पुढं भांडण घरातल्या घरात चालू राहू शकतं.

आणि मग एनोलेज. छानसा, ठसठशीत ठिपका, जवळजवळ प्रत्येक रुग्णात. यादीत तो ॲस्प एफ २२ म्हणून आधीच आहे. पण एनोलेज प्रत्येक बुरशीत असतं, अल्टरनेरियात, क्लॅडोस्पोरियममध्ये, पेनिसिलियममध्ये, आणि सगळीकडे जवळपास सारखंच. मग या रुग्णाच्या आयजीईचा मूळ रोष कुणावर? ते शोधायला एलायझा इनहिबिशन: सीरममध्ये आधी दुसऱ्या बुरशीचा अर्क मिसळायचा आणि मग बघायचं की आपल्या प्रोटीनला धरायला किती आयजीई शिल्लक राहतं. काही सीरममध्ये अल्टरनेरियाच्या अर्कानं सगळं आयजीई आधीच गिळून टाकलं. म्हणजे त्या माणसाची तक्रार ॲस्परजिलसविरुद्ध नव्हतीच मुळी. ठिपका खरा, त्याचं नाव बरोबर, आणि तरी निष्कर्ष चुकू शकतो.

याच्या उलटही होतं. जेलमध्ये एसडीएस असतं, ते प्रोटीनची घडी पूर्ण मोडून त्याचा सरळ दोरा करतं. ज्या आयजीईला घडी घातलेला आकारच ओळखता येतो, त्याला हा दोरा दिसून उपयोग नाही. अशी ॲलर्जनं टू-डी ब्लॉटवर सरळ निसटतात. क्रामेरींनी यासाठीच फाजचा मार्ग धरला होता: बुरशीच्या जनुकांची लायब्ररी फाज विषाणूंमध्ये घालायची, प्रत्येक फाज आपल्या अंगावर एकेक प्रोटीन मिरवतो, आणि रुग्णाच्या आयजीईला जो चिकटेल तो उचलायचा. घडी टिकते, वर फाजच्या पोटातच जनुक असल्यानं नावही लगेच मिळतं. आम्ही तेवढ्या खोलात गेलो नाही. निवडक प्रोटीनं ई. कोलायमध्ये तयार करून, घडी परत बसवून तपासली.

ई. कोलायचा रस्ता स्वस्त आहे आणि त्याला एक शाप आहे. या जिवाणूच्या भिंतीतलं एंडोटॉक्सिन प्रोटीनसोबत येतं, आणि फुप्फुसाला ते चांगलंच समजतं. उंदराच्या नाकात तसंच सोडलं तर जी सूज येईल ती बुरशीची की ई. कोलायची, हे ब्रह्मदेवही सांगणार नाही. पॉलिमिक्सिनच्या कॉलमवरून प्रोटीन परत परत काढायचं आणि लिम्युलस चाचणीनं किती उरलंय ते पाहायचं. ती चाचणी नालखेकड्याच्या रक्तापासून बनते. किटच्या किमतीचं बिल पाहून अकाउंट्समधून फोन आला होता की एवढी बारकी बाटली आणि एवढे पैसे, काही घोळ तर नाही ना.

तोवर माझ्या हातात होती ती 'आयजीई चिकटतं' एवढीच गोष्ट. चिकटणं आणि चेतवणं यात फार अंतर आहे. मास्ट पेशी किंवा बेसोफिल, म्हणजे ॲलर्जीची रसायनं साठवणारी पेशी, फुटायला तिच्या अंगावरची दोन आयजीई एकाच वेळी एकाच प्रोटीननं ओढून जवळ आणावी लागतात. प्रोटीनवर आयजीई बसायची जागा एकच असेल तर ब्लॉटवर सुंदर ठिपका येईल आणि पेशी मात्र ढिम्म हलणार नाही. त्यासाठी बेसोफिलची चाचणी. रुग्णाचं ताजं रक्त, त्यात आपलं प्रोटीन, आणि फ्लो सायटोमीटरवर पाहायचं की पेशी फुटल्याची खूण असलेलं सीडी ६३ तिच्या पृष्ठभागावर आलं का. रक्त त्याच दिवशी तपासलं पाहिजे. सकाळी ओपीडी, दुपारी सायटोमीटरचं बुकिंग, आणि मधे पुण्याचं ट्रॅफिक. काही ठळक ठिपके इथं साफ गळाले. ब्लॉटवर जेमतेम दिसणाऱ्या एकदोघांनी मात्र बेसोफिल चांगलेच चेतवले. माझ्या पहिल्या सेमिनारमधल्या ठिपक्यांच्या ठळकपणानुसार लावलेल्या क्रमवारीला त्यानंतर काही अर्थ उरला नाही.

उंदरांचं काम प्राणी-प्रयोगांच्या नीती समितीच्या मंजुरीनंतरच. हलकी भूल देऊन नाकपुडीवर थेंब ठेवायचा, श्वासाबरोबर तो आत जातो. असे डोस काही आठवडे. शेवटी फुप्फुसं मिठाच्या पाण्यानं धुऊन ते पाणी काचपट्टीवर फिरवून घ्यायचं आणि रंगवायचं. ज्या उंदराला नुसतं मीठपाणी दिलंय त्याच्या काचपट्टीवर मोठाल्या निवांत मॅक्रोफेज, म्हणजे साफसफाई करणाऱ्या पेशी, दिसतात. बुरशीचा अर्क मिळालेल्याच्या काचपट्टीवर लालसर-गुलाबी दाण्यांनी भरलेले इओसिनोफिल, म्हणजे ॲलर्जीत जमणाऱ्या पांढऱ्या पेशी, जिकडं बघावं तिकडं. मोजायचं यंत्र हातात घेतलं तरी बोटाला विसावा मिळत नाही.

इथं एक पेच उभा राहिला आणि मला वाटतं माझ्या प्रबंधातला सगळ्यात कामाचा भाग तोच आहे. बुरशी प्रथिनं पचवणारी एन्झाइमं सोडते. जेलसाठी अर्क करताना त्यांनी बाकीचं सगळं खाऊन टाकू नये म्हणून पीएमएसएफसारखी अवरोधकं घालायची पद्धत आहे. ती अशा एन्झाइमांच्या एका गटाला, सेरीन प्रोटिएजना, कायमची बंद करतात. पण ॲस्प एफ १३ हेच मुळी सेरीन प्रोटिएज आहे. जेलवर ते आपल्या जागी दिसतं, आयजीईही धरतं, फक्त मेलेलं असतं. आम्ही एकाच कल्चरचे दोन वाटे केले. एक एन्झाइम जिवंत ठेवून, दुसरा एन्झाइम बंद करून आणि अवरोधक डायलिसिसनं काढून टाकून. प्रोटीनं तीच, वजन तेच. बंद केलेल्या अर्काच्या उंदरांमध्ये इओसिनोफिल कितीतरी कमी. हे अगदी नवं नव्हतं. परदेशातल्या कामांतून बुरशीची प्रोटिएजं श्वासमार्गाच्या अस्तराचे सांधे उसवतात आणि तिथूनच धोक्याचा इशारा जातो, हे पुढं येत होतं. पण स्वतःच्या काचपट्ट्यांवर पाहिल्यावर मला पटलं की आपला प्रश्नच अर्धवट होता. 'आयजीई कुणाला ओळखतं' हा एक प्रश्न, आणि 'फुप्फुसाला आधी कोण डिवचतं' हा दुसरा. डिवचणाऱ्यानं दार उघडून दिलं की त्याच्या मागून आत आलेली निरुपद्रवी प्रोटीनंही ॲलर्जन ठरतात. यादीत दोघांना शेजारी शेजारी क्रमांक आहेत, पण त्यांचे गुन्हे वेगळे.

बीजाणूंचीही तीच गत. सुप्त बीजाणू रॉडलेटच्या थराखाली प्रतिकारशक्तीला जवळजवळ दिसतच नाही, हे २००९ साली सिद्ध झालं आहे. ॲस्प एफ १ बुरशी सुप्त बीजाणूत साठवून ठेवत नाही, तो रुजायला लागल्यावर ती ते तयार करते. म्हणून घरातल्या हवेत ॲस्प एफ १ मोजून फारसं काही हाती लागत नाही. ते तयार व्हायची जागा रुग्णाची श्वासनलिका आहे. आणि मी मात्र साखरेच्या पाण्यात तीन आठवडे वाढवलेल्या बुरशीला प्रश्न विचारत होते. शेवटच्या वर्षात म्युसिन (कफाला चिकटपणा देणारं प्रोटीन) घातलेल्या माध्यमात काही तासच रुजवलेल्या बीजाणूंचा अर्क केला. त्याचं जेल जुन्या जेलच्या शेजारी ठेवलं तर एकाच बुरशीचं आहे असं कुणी म्हणणार नाही. त्यातले काही ठिपके रुग्णांच्या सीरमला लागतात आणि माझ्या जुन्या नकाशात ते नाहीतच. ते काम आता माझ्या धाकट्या सहकारी मुलीकडे आहे. तिला मी सगळ्यात आधी जंतांच्या गटाचं सीरम कुठल्या फ्रीजरमध्ये आहे ते दाखवलं.

प्रबंध सादर झाल्यावर छातीच्या ओपीडीत जाऊन तिथल्या डॉक्टरांना निष्कर्ष सांगितले. ॲस्प एफ १, २, ३, ४ आणि ६ यांच्या वेगवेगळ्या आयजीई चाचण्या आता बाजारात मिळतात, साधा दमा आणि एबीपीए यांत फरक करायला त्यांतल्या काहींची मदत होते. पूर्वी ॲस्प एफ ४ आणि ६ दिसले की एबीपीए असं म्हणायचे, पुढच्या अभ्यासांत ते इतकं सरळ राहिलं नाही. डॉक्टरांनी सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, "माझा रुग्ण स्टिरॉइड आणि इट्राकोनॅझोलवर बरा होतो, वर्षभरानं पुन्हा येतो. तुमच्या ठिपक्यांवरून कोण परत येणार ते सांगता येईल का?" म्हटलं, नाही. उपचारांना प्रतिसाद मिळतोय का हे आजही एकूण आयजीई किती उतरलं त्यावरूनच बघतात, बुरशीचं खास आयजीई त्यासाठी कामाचं नाही. "मग बाहेर बसलेत ते काका," ते म्हणाले, "त्यांचं या वेळचं एकूण आयजीई पाठवतो तुमच्याकडं. दोन वर्षांपूर्वीचं सीरम आहे ना अजून?" आहे. उणे ८० मध्ये, वरच्या कप्प्यात, जेमतेम दोन ब्लॉटपुरतं.